सावरफाट्याची ड्युटी

५ मे १९८६, सोमवार. सावरफाटा.

पोचलो एकदाचा! बस तलमडुगु ओलांडून पुढं आली आणि कंडक्टरनं मला ट्रंकेसकट फाट्यावर उतरवून दिलं. फाट्यावर एक मैलाचा दगड, एक सावरीचं झाड आणि ऊन. उन्हाला इथं काही तोटा नाही, पाहिजे तेवढं घ्या. तिथून कच्च्या रस्त्यानं आत आलं की हा जुना सरकारी बंगला. तहसिली मोडून नवी मंडळं केली तेव्हा जुन्या कागदांचे बस्ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळे इथं आणून टाकलेत. आता त्यांच्यासोबत मलाही आणून टाकलंय.

काम मोठं मजेचं आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात राष्ट्रपती एका दिवसासाठी आपल्या जिल्ह्यात आले होते. इथून पुढच्या गावात त्यांनी शाळेची कोनशिला बसवली. आता त्या शाळेचा समारंभ आहे, आणि कलेक्टरसाहेबांना तो एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिहून हवाय. कोण कुठं होतं, काय झालं, सगळं. आमचे हेडक्लार्क सुधाकरराव यांनी बजावलंय की ऐकीव एक अक्षर चालणार नाही, फक्त सरकारी कागद. दिवस पूर्ण झाला की त्याच हाती रिलीव्ह ऑर्डर, आणि पोस्टिंग थेट वांकिडीला. माझ्या घरी!

माझ्या बायकोला, जयवंताला, नववा लागलाय. पहिलटकरीण आहे, आणि घरात सोबतीला फक्त आई. बुद्ध पौर्णिमेच्या आत येतो असं सांगून निघालो तर म्हणते कशी, सरकारचं बोलणं तुम्हीच धरून बसा. तिनं लग्नात दिलेला पेन सोबत आहे. बंगल्यात तेवढाच पेन, बाकी सगळी उंदरांची मालमत्ता.

राहीबाई बंगल्याची राखण करते आणि रांधते. साठीची असेल. भाकर, अंबाडीची भाजी आणि असला ठेचा की डोळ्यांतून पाणी आलं. नाव विचारलं, गाव विचारलं, मग हळूच जयभीम घातला. आपलंच माणूस निघालं. बरं वाटलं.

७ मे, बुधवार.

बाप रे, एका दिवसापायी केवढा हा कागद! माझ्या लग्नाला एवढी शाई लागली नव्हती. बंगल्याला चुना किती लावायचा, यावर तीन मिसली, एकेक फाईल वीतभर जाड. राष्ट्रपती इथं चहाला थांबणार होते, तर त्या चहाचं दूध आधी डॉक्टरनं पिऊन बघायचं असा हुकूम. डॉक्टरनं पिऊन बघितलं आणि खाली शेरा मारला की दूध चांगलं आहे, थोडी साखर हवी होती. मी एकटाच खो खो हसलो. हसून झाल्यावर खोली फार मोठी वाटली.

हसायला सोबत लागते, हे इथं येऊन कळलं. दिवसभर कोणाशी बोलणं नाही. राहीबाई कामापुरतं बोलते. काल मी भिंतीवरच्या पालीला निर्मलच्या खेळण्यांची मिसल वाचून दाखवली. राष्ट्रपतींना लाकडी मोर द्यायचा की हत्ती, यावर दोन अधिकारी भांडले होते. पालीला काही मत नव्हतं.

एक पाहिलं. दुपारी डोक्यावर ऊन आलं की राहीबाई तांब्याभर पाणी घेऊन फाट्यावर जाते आणि मैलाच्या दगडापाशी ठेवून येते. चिमण्यांसाठी असेल. भल्या मनाची बाई आहे.

१० मे, शनिवार.

दिवस बराचसा उभा राहिला. सकाळी गाड्या निघाल्या, कोनशिला झाली, मुलांनी गाणं म्हटलं. परतताना ताफा फाट्यावर वळून बंगल्यात चहाला येणार होता. पण ऊन फार, राष्ट्रपतींना घेरी आली, डॉक्टरांनी सरळ आदिलाबाद गाठायला सांगितलं. ताफा वळलाच नाही, डांबरी रस्त्यानं निघून गेला. इथं कपबशा मांडून बसलेले लोक चहा पिऊन आपापल्या घरी गेले.

बंदोबस्ताची यादी सापडली. वर हुकूम आहे: बदली माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत कोणी जागा सोडू नये. पुढं प्रत्येकाचं नाव, जागा, आणि चार्ज घेणाऱ्याचं नाव, सही, तारीख. आमच्या खात्याची रीतच ती. माणूस मेला तरी चार्ज दिल्याशिवाय सुटत नाही, असं आम्ही कचेरीत चेष्टेनं म्हणतो.

सगळ्यांपुढं सह्या आहेत, एक सोडून. भिवाजी, गावचा कोतवाल. जागा: फाटा, मैलाचा दगड. काम: ताफा दिसला की पांढरी झेंडी दाखवून बंगल्याकडं वळवणे. त्याच्यापुढं काहीच नाही. कोतवाल म्हणजे माझ्या आजोबांसारखाच, रस्त्यावर उभं राहणारा.

दुपारी फाट्याकडं नजर गेली. दगडापाशी कोणीतरी उभं होतं, हातात पांढरं काहीतरी. बसची वाट पाहत असेल, म्हटलं. बस आली, गेली. तो चढला नाही.

१३ मे, मंगळवार.

तो रोज असतो. काल छत्री घेऊन गेलो बघायला. जवळ गेल्यावर कोणी नाही. तांब्या होता, कोरडा ठाक, आणि आजूबाजूला एका थेंबाचा ओलावा नाही.

शेवटी राहीबाईला विचारलं. ती चुलीकडं तोंड करून बसली होती, तशीच बोलली. भिवाजी तिचा मोठा भाऊ. सकाळी न खाता गेला होता. राष्ट्रपती आपल्या झेंडीनं वळणार म्हणून धोतर धुवून वाळवून नेसला होता. गाड्या सरळ निघून गेल्या. साहेब लोक गेले, आचारी गेले, शिपाई गेले. तो उभाच. ही रानात कामाला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना तो दगडाला टेकलेला सापडला. हातातली झेंडी कोणाला सोडवता आली नाही, तिच्यासकट पुरला.

"त्याले कोनी सांगतलंच नाही, सायेब, का ते गेले मनून," ती म्हणाली. "मेला, पन सुटला नाही."

मग तिनं माझ्या पेनाकडं पाहिलं. तुमी सरकारचे हाय, म्हणाली, तुमी लिहा काहीतरी आन् सोडा त्याले. मला रात्रभर तिचा आवाज ऐकू येत राहिला.

१५ मे, गुरुवार.

बसच्या कंडक्टरकडून दोन चिठ्ठ्या आल्या. एक सुधाकररावांची. यादीत एक रकाना रिकामा आहे हे मी कळवलं होतं, त्यावर ते लिहितात की रिकामा रकाना साहेबांपुढं ठेवता येणार नाही, पूर्ण करा आणि मग रिलीव्हचं बोला. दुसरी आईनं शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेली. जयवंताच्या पायांवर सूज आहे, तिला चक्कर येते, लवकर ये.

आता काय करू? पंचवीस वर्षांनंतर सही कोणाची आणू? सगळे मेले नाहीतर कुठल्या कुठं गेले.

१६ मे, शुक्रवार.

केलं. कारकुनाला यात नवीन ते काय! मागची तारीख टाकून कागद नीट करणं हे आम्ही महिन्यातून दोनदा करतो. भिवाजीच्या पुढं लिहिलं: चार्ज घेतला, यशवंत. खाली दस्तखत केली आणि राष्ट्रपती आले त्याच दिवसाची तारीख टाकली. माझंच नाव घातलं, दुसऱ्या कोणाचं खोटं कशाला घालू? शिवाय मनात आलं की सुटू दे बिचारा. खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

दुपारी राहीबाई तांब्या घेऊन गेली आणि धावत परत आली. पाणी तसंच होतं, काठोकाठ. दारात बसून ती ओक्साबोक्शी रडली, मग हसली, मग माझ्या पायाला हात लावायला लागली. मी तिला उठवलं. यादी टपालात टाकून दिली. परवापर्यंत ऑर्डर येईल. जयवंता, आलोच!

१७ मे, शनिवार.

दुपारी जेवता जेवता उठलो आणि फाट्यावर गेलो. काऊन गेलो, सांगता येत नाही. उशीर होतोय असं वाटलं. दगडाला टेकून एक पांढरी झेंडी होती. उचलली. उन्हं उतरेपर्यंत उभा राहिलो आणि परत आल्यावर ध्यानात आलं की पायात चप्पल नाही.

१८ मे, रविवार.

आज ट्रंक घेऊनच निघालो. ऑर्डर गेली खड्ड्यात, घरी जायचं. बस आली, हात केला. थांबली नाही. कंडक्टरनं खिडकीतून थेट माझ्याकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यातून पलीकडच्या रानावर गेली. ट्रंक कुठं ठेवली आठवत नाही. हातात झेंडी आहे, खिशात ही वही आणि पेन.

१९ मे. सोमवार असावा.

बंगल्यात जाता येत नाही. रस्त्यापर्यंत जातो, मग पाय— हुकूम आहे ना. बदली येईपर्यंत.

शिपाई आला होता बसनं. सुधाकररावांनी नक्कल करून परत पाठवलेली यादी घेऊन, सोबत माझी रिलीव्ह ऑर्डर. माझ्या अंगाजवळून गेला. बंगल्याच्या पायऱ्यांवर उभा राहून यशवंतराव, यशवंतराव म्हणून हाका मारल्या. मी ओ दिली. घसा फुटेस्तोवर ओ दिली. त्यानं कागद टेबलावर ठेवले, वर दगड ठेवला, विडी ओढली, गेला.

त्या ऑर्डरीत माझं नाव आहे. पण ती या ड्युटीची नाही.

पौर्णिमा?

राहीबाईला कळलं. तांब्या घेऊन आली. दगडापाशी ठेवून म्हणाली, सायेब, माफ करा, मले मालूम नव्हतं. मी म्हटलं तुझी काय चूक. तिला ऐकू गेलं नाही. पाणी प्यालो.

रात्र होत नाही. ऊन जात नाही. घरी काय झालं असेल— मुलगा की मुलगी— कोणी सांगायला तरी—

तारीख नाही.

लोक छत्र्या घेऊन चाललेत. पाऊस लागलाय त्यांना. ज्वारी कमरेएवढी झाली. माझ्यावर ऊनच. मेचं ऊन. डोक्यावरून हलत नाही.

कधीमधी धुरळा उठतो. गाड्या येतात. काळ्या, झेंडेवाल्या. मी झेंडी हलवतो. दर वेळी वाटतं, वळतील.

सरळ जातात.

किती एकटं वाटते. भिवाजी, तू एवढी वर्षं कसा रे—

तारीख नाही.

जयवंता आली.

बसमधून उतरली. कडेवर लेकरू. टोपडं घातलंय, माझ्या आईच्या हातचं. दगडापाशीच थांबली, पावसानं भिजून. छत्री धड नाही. मी झेंडी धरली लेकराच्या डोक्यावर. पाणी गळतंच आहे, पण धरली.

तिनं सगळीकडं विचारलंय. कचेरीत, बसस्टँडवर, पोलिसांत. राहीबाई पळत आली, तिला बंगल्यात घेऊन गेली.

मुलगी आहे. नाक माझं.

त्या परत आल्या. जयवंताच्या हातात यादी आहे. पदराखाली धरलीय, भिजू नये म्हणून. राहीबाई रडून राह्यली, सगळं सांगून राह्यली. सायबानं नाव लिवलं आन् माया भाऊ सुटला. नाव लिवलं का सुटते, बाई.

जयवंता दगडाला टेकून बसली. माझ्या पायाशी. लेकरू मांडीवर. यादी उघडली. माझ्या नावापुढं चार्ज घेणाऱ्याचा रकाना कोरा. ती सातवी शिकली आहे. तिला वाचता येते. सही येते.

"पेन द्या मले," म्हणाली. "मी थांबतो इथं त्यायच्या जागी. लेकराले तुमी सासूबाईकडं पोचवा."

नको. जयवंता, नको. घरी जा.

ऐकू जात नाही.

राहीबाई म्हणाली पेन नाही बंगल्यात. सायबाचा एकच होता, तो दिसत नाही.

माझ्याजवळ आहे. लिहितोय तोवर माझ्याजवळ. हात थांबला, पेन सुटला, का तिच्या ओटीत पडेल. ती इतकी जवळ बसली आहे.

शाईची बाटली बंगल्यात राहिली, पेनात उरली तेवढीच.

मी थांबणार नाही. काहीही लिहीन. भाकर. अंबाडी. लाकडी मोर. लाकडी हत्ती. दुधात साखर कमी होती. वांकिडी. आई. जयवंता उठ, शेवटची बस येऊन राह्यली, हात दाखव, ती तुझ्यासाठी थांबते, उठ ना, लेकरू भिजून राह्यलं, उठ, अक्षर फिकं पडून राह्यलं पण मी लिहितो, अजून लिहितो, तू चढ, मग मी, मग शाई सं