पेल्यांवरची राख

बाबा, आज शनिवार आहे आणि ओट्यावर चर्चमधल्या प्रभुभोजनाचे, द्राक्षरसाचे पेले उपडे घातले आहेत. बोटाच्या पेरापेक्षा जरासे मोठे, काचेचे, तुम्ही धुवायचात तेच. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, आता ती कॉलेजात जाते, आणि एवढी वर्षं ते मीच धुते आहे. मागच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "ताई, आता हे धुणं बंद करून टाकू. प्लास्टिकचे मिळतात, प्यायचे अन् फेकून द्यायचे. तुम्ही चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत या. शिकलेल्या बाईनं किती दिवस पेलेच धूत राहायचं?" उद्या त्यांना उत्तर द्यायचं आहे आणि माझं डोकं चालत नाही. तुम्हाला विचारावंसं वाटतं, आणि विचारायला गेलं की तुमच्यावरच चिडचिड होते.

खापरखेड्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. वीज केंद्रातली ड्यूटी संपवून तुम्ही येता, दिवसभर राखेच्या पाइपांवर राबलेले हात कोपरापर्यंत घासता आणि पेले घेऊन बसता. उकाडा मरणाचा, तरी खिडकी बंद, कारण उघडली की चिमणीची राख आत येणार. शेजारच्या काकू दारातूनच चिडवतात, "काहून जी भाऊ, घरचे भांडे बी तुमीच घासता का?" तुम्ही हसता आणि पुढचा पेला उचलता. एकदा मी पेले एकाच पाण्यातून काढून ओळीनं मांडून ठेवले. दिसायला लख्ख होते. तुम्ही सगळे परत पाण्यात टाकलेत. मी रडकुंडीला आले. म्हटलं, "काहून बाबा? साफ तर दिसून राहिले." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "राख दिसत नाही वं पोरी, ओठाले लागते. माणूस प्रभूच्या मेजापाशी येते, त्याच्या ओठाले आपली राख काहून लागावी?" मग दुसऱ्या पाण्यातून काढून पेल्यांवर ओलं फडकं टाकलंत आणि आईकडे चहा मागितलात.

तुमच्या मातीला सगळे तुम्हाला विश्वासू कारभारी म्हणाले. तेव्हा ऊर भरून आला होता, आता तेच शब्द टोचतात. पंच निवडताना त्यांच्यातल्या एकानंही कधी तुमचं नाव का घेतलं नाही? रिकामे पेले गोळा करायला सोपं म्हणून तुम्ही शेवटच्या बाकावर बसायचात. हे काम तुम्ही आवडीनं धरून ठेवलं होतं, की दुसरं काही कोणी दिलंच नाही? घरी येऊन कधी वाईट वाटायचं का? परवा आईला विचारलं तर म्हणाली, "त्याईनं मले सांगतलं असतं तं मी तुले नसतं सांगतलं काय वं?" बायबलातल्या, मालकानं दिलेलं धन मातीत पुरून ठेवणाऱ्या चाकरासारखी तर मी वागत नाही ना, असं वाटतं, म्हणजे पंच व्हायला हवं. तुमच्यासाठी तरी व्हायला हवं. लगेच वाटतं, हा तर नुसता माझा ताठा, आणि तुम्हाला तो चालला नसता. इथून पुढे मला काही कळत नाही.

आता राहते त्या जरीपटक्यात चिमणीची राख येत नाही, तरी मी खिडकी लावून घेतली आहे. हा कागद टाकायला टपालपेटी नाही, म्हणून खरं लिहिते. बाबा, हे काम मला कधीच आवडलं नाही. बोटांची कातडी आकसते, पाठ धरते, कंटाळा येतो. पेले पाण्यात टाकले की तुम्ही शेजारी येऊन बसता, तेवढ्यासाठी मी ते सोडत नाही. यात देवाची सेवा किती आणि माझा हट्ट किती, कोण सांगणार? पाळकसाहेबांना तर हे सांगताही येणार नाही.

आणि आज घाईत मी ते एकाच पाण्यातून काढलेत. तुम्हाला दिसलं असेलच. परत धुवायला घेते.