डावी बाही

१२ मार्च २००७

बोलावणं आलं! जुन्या लष्करी तळामागं खणताना हाडांसोबत सापडलेले कपडे रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मांडणार आहेत. ओळखायला या, म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला, तेओला, सैनिकांनी नेलं, त्याला तेवीस वर्षं झाली. आमच्यात पाचव्या दिवशी गेलेल्याचे कपडे नदीत धुतात, मग तो सुटतो. तेओचं तेवढं राहिलंय.

१४ मार्च

सारखा तो स्वेटर आठवतोय. मी विणलेला, विटकरी; नेलं तेव्हा अंगात होता. डावी बाही दोन बोटं लांब झाली होती. मठाच्या शाळेतल्या मदर इनेस असत्या तर म्हणाल्या असत्या, “उसव सगळं!” तेओ म्हणाला, “राहू दे गं ताई, थंडीत बोटं आत लपवीन.”

वेडाच होता. एकदा पावसात नुसत्या सदऱ्यावर घरी आला — अंगावरचा लोकरी पोंचो कुठाय? “म्हातारा कुडकुडत होता, दिला.” आईनं केवढं झोडपलं!

१८ मार्च

मिळाला. तिसऱ्या टेबलावर. रंग गेलाय, पण बाही तीच — दोन बोटं लांब.

शेजारी आमच्या गल्लीतली फेलिसियाना उभी होती. तिच्या रुफिनोलाही त्याच पहाटे, त्याच ट्रकमधून नेलं. तेव्हा मी तिला नळावर, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “तुझा पोरगा बंडखोरांत गेला, म्हणून सैनिक आपल्या गल्लीत आले.” तेव्हापासून अबोला. नेलेल्यांच्या आया-बहिणींच्या मंडळात दोघी आहोत. अनाथ पोरांसाठी एका पातेल्यावर बटाटे सोलतो, मोर्चात एकच क्रूस धरतो — पण शब्द नाही.

आज तीच बोलली. “मठातल्या बाईसाहेबांचं नशीब! मला एक बटणही नाही सापडलं.”

मी स्वेटर छातीशी धरला.

२० मार्च

सापडलेल्या हाडांशी जुळवून बघायला रक्त दिलं. तिनंही.

९ मे

हाडं मिळाली की तेओला आईशेजारी ठेवायचं. जागा साफ करून आले.

२ ऑगस्ट

अहवाल आला. स्वेटर माझा. त्याच्या आत सापडलेली हाडं रुफिनोची.

तेओ अजून नाही.

त्या पहाटे ट्रकमध्ये केवढा गारठा असेल!

“तिला मी सांगते,” अहवाल देणाऱ्याला म्हटलं आणि स्वेटर घेऊन तशीच फेलिसियानाच्या दारात गेले.

“आज इकडे कुठं?”

“फेलिसियाना, साबण घे. आपल्याला नदीवर जायचंय.”