अर्धी गाडी चिचगडला

देवरी,
९ मार्च २०२५

चि. हेमेंद्र यास,

तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा सोडला तर घरात कुरकुर करणारं दुसरं काही नाही. मला धरून दोन, असं ती म्हणते. मोहाची फुलं पडायला लागली, उन्हाळी धान ठीक आहे, बोडीत अजून पाणी आहे. चिचगडला तुमचंही असंच असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय आपण ठेवली नाही.

तुझ्या अंजूचं साक्षगंध झालं, असं तुझ्या शेजारच्या सेवकरामनं बस स्टँडवर सांगितलं. लग्न एप्रिलात आहे म्हणाला. ऐकून आनंद झाला. त्या विषयावर एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवून मी बसलो आहे. हे पत्र गाडीबद्दल आहे.

झालं असं की परवा गोंदियाहून उमेंद्र म्हणून एक जण आला. जुन्या गाड्यांचा शौकीन. सोबत त्याच्यासारखेच आणखी दोघे. देवरीत एका मास्तरकडे दोन दारांची हेराल्ड आहे, एवढं कुठून तरी ऐकून आले होते. मी त्यांना मागच्या टिनाच्या शेडात नेलं आणि ताडपत्री ओढली. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन, चार चाकं, स्टिअरिंग, आणि बसायला मी ठोकलेली फळी. बस. तिघंही गाडीकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात.

"चाचाजी, बाकी की गाडी?"

"भावाकडे आहे. चिचगडले."

त्यांना वाटलं मस्करी करून राहिलो. मग सांगावं लागलं, की बाबा गेल्यावर आमची वाटणी झाली, त्यात ही पण वाटली गेली. शेतावर आम्ही भांडलो नाही, बैलांवर नाही, आईच्या पितळी गुंडा-परातींवर नाही. अडलं ते फक्त हिच्यावर. शेवटी उदाराम मामा कातावला, "दोघंही ऐकून नाही रायले ना? त खोला मंग गाडी, अर्धी तुले, अर्धी त्याले!" आणि बाप्पा, आपण खरंच पाने घेऊन बसलो! दुसरी कोणती गाडी असती तर मामाचं बोलणं हवेत गेलं असतं. ही पडली हेराल्ड. हिचं धड सांगाड्यावर नटबोल्टनं बसवलेलं. टप वेगळा निघतो, तोंड वेगळं निघतं. चिठ्ठ्या टाकल्या. मला चाल आली, तुला रूप आलं. मी सांगत होतो आणि उमेंद्र डोळे पुसून पुसून हसत होता. मीही हसलो. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीवर पहिल्यांदा हसलो.

मग चहा झाला आणि आमची जुंपली. एकाकडे काँटेसा आहे. तो म्हणे, गाडी म्हणजे काँटेसा, रस्त्यानं गेली की लोक बाजूला होतात. मी म्हटलं, होतील ना, रणगाडा आला तरी होतात. दुसरा डॉल्फिनवाला. फायबरची, हलकी, रॅलीत पळालेली. तिच्याबद्दल मी वाकडं बोललो नाही, चांगली गाडी आहे. पण सांगितलं, की गरिबाला परवडणारी आणि तरी अंगात नखरा असणारी, अशी हीच. त्या काळी अँबेसिडर घे की फियाट, गियर स्टिअरिंगला टांगलेला. हिचा खाली, मुठीत. पुढचं सगळं तोंडच उघडायचं, मडगार्डासकट, आणि चाकावर बसून इंजिनाचं काम करा आरामात. वळायची तर आपल्या अंगणात तुळशीला फेरा घालून बाहेर यायची. उमेंद्र म्हणे, "ये सब आपने किताब में पढ़ा?" मी म्हटलं, नाही बाबू, भोगलं.

बाबांची गोष्टही सांगितली. गोंदियाच्या राईस मिलवाल्या शेठकडून त्यांनी ती जुनी घेतली, तेव्हा गावानं वेड्यात काढलं होतं. "बिसराम, दोन दारांची कायले घेतली? माणसं कुठून चढतीन?" बाबा म्हणाले, "धान नेयाले बैलबंडी आहे. हे जिवाले पाहिजे म्हणून आणली." आणि आपल्या दोघांना मागे कोंबून म्हणायचे, दोन दारांचा फायदा हाच, मागे बसलेला रागावला तरी उतरून जाऊ शकत नाही. आठवतं ना? आपण मोठे झालो, पुढच्या सीटवर आलो, आणि घोटाळा झाला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. दरेकशाच्या घाटात ती तू माझ्यापेक्षा चांगली चालवायचास. मी वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवायचो. तू वळणात शिरायचास आणि गाडी तुझं ऐकायची. मला तेव्हा हेवा वाटायचा, आणि कौतुक हेव्याहून जास्त वाटायचं. ते तेव्हाच बोललो असतो तर माझं काही झिजलं नसतं. पण तूही काही कमी नव्हतास, माझ्या हातात स्टिअरिंग आलं की खिडकीबाहेर पाहत बसायचास. म्हणजे हिशेब सारखाच.

शेवटी मी इंजिन सुरू केलं. एका झटक्यात लागलं. उमेंद्रला फळीवर बसवून अंगणात फिरवून आणलं. उतरला तो मराठीवर येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, नागपुरात एक हेराल्ड भंगारात उभी आहे. तिचं धड आणतो, यावर बसवून देतो. दिवाळीपर्यंत गाडी पूर्ण."

लोभ झाला, खोटं काऊन सांगू? क्षणभर डोळ्यांपुढे उभीच राहिली. पण तोंडातून निघालं, "नको. हिचं धड जिवंत आहे." ते आपलं मान हलवून गेले.

जिवंत आहे ना? सेवकराम म्हणतो, तुझ्या गुरांच्या कोठ्यात धानाच्या तणसाच्या बाजूला आहे. कोंबड्या आत घालत नाहीस, दाराच्या रबरांना पावडर लावतोस, आणि कुणी विचारलं तर म्हणतोस, "भंगार आहे, पडलं असू दे." भंगाराला पावडर लावणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. मी पण दर रविवारी इंजिन सुरू करतो आणि तुझ्या वहिनीला सांगतो, बॅटरीसाठी.

इथवर लिहिलं तर ती मागून येऊन वाचून राहिली. म्हणे, "कायले एवढं लांबवून रायले? पोरीच्या लग्नाचं लिहा ना सरळ!" मी म्हटलं, हे गाडीचं पत्र आहे. तर म्हणते, "मंग त्या गाडीले सांगा, अंजूले आणून दे म्हणाव." आणि पदर डोळ्याला लावून चुलीकडे गेली.

तर ऐक. आपल्या सगळ्या घरात पोरगी ती एकच. मागच्या सीटवर उभी राहून माझ्या कानात ओरडायची, "मोठेबाबा, मी नवरी होऊन ह्याच गाडीत जाईन!" तिला आठवत असेल नसेल. मला आहे. साक्षगंधाची खबर मला बस स्टँडवर मिळाली, चिवड्याच्या गाडीसमोर. सेवकरामला वाटलं मला माहीत असेल. मी पण माहीत असल्यासारखी मान हलवली. घरी येऊन जेवलो नाही.

अक्षता घरी आल्याशिवाय भावकीनं मांडवात पाय टाकायचा नाही, ही आपली रीत. बाबांनी ती सख्ख्या बहिणीच्या घरीही पाळली. मी पण मोडणार नाही. पण रीत पायाची आहे, चाकाची नाही. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी मी सांगाडा घेऊन आतल्या रस्त्यानं, फळीवर बसून, चिचगडला येणार आहे. लोक हसतील, हसू दे. तुझ्या फाटकाबाहेर सरकारी रस्त्यावर उभी करीन. तू धड बाहेर काढ. बोल्ट आपण दोघं कसू, बोलायची गरज नाही, पाना मागितला की पाना द्यायचा. जेवणाचा डबा वहिनी देणार आहे. रात्री बाहेरच झोपीन. लग्न लागलं की अंजूला आणि जावयाला मागे बसवा, पुढे माझ्या बाजूला तू बैस. तिला तिच्या घरी सोडतो, तुला तुझ्या फाटकाशी उतरवतो, आणि परत जातो. मांडवात माझं पाऊल पडणार नाही. एकमेकांच्या उंबऱ्यात पाय न टाकण्याचा तुझाही शब्द राहील, माझाही.

असं सगळं ठरवून, नीट शुद्ध लिहून, पाकीट चिकटवायला घेतलं होतं. चिकटवलं नाही.

हेमेंद्र, रस्त्यावर उभं राहून अंजूच्या लग्नाचा बँड मले नाही रे ऐकवणार. अक्षता घेऊन ये. तू नाही येत त पोरीले पाठव. मले बोलाव.

तुझा,
दादा