शेऱ्याच्या रकान्यातली ताई

३ फेब्रु.
फुलंब्रीच्या पशुसखींचं ॲप माझ्या गळ्यात. गावोगाव शेळ्यांना लस देणाऱ्या पाच बाया. प्रत्येकीला फक्त स्वतःच्याच नोंदी दिसाव्यात, दुरुस्त करता याव्यात, एवढं करायचं. यादीत माझ्या ताईचं, संगीताचं, नाव. मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून तिनं नंबर ब्लॉक केलाय. दोन वर्षं झाली.

४ फेब्रु.
घोळ! पाचही जणी एकाच लॉगिननं आत शिरतात. त्यांच्या सुपरवायझर काकडेबाई फोनवर, "येकीचा पासवर्ड समद्यांला पाठ हाय, येगळा कशाला?" आता जुनी नोंद कुणाची, हे कळणार कसं? साहेब म्हणतात, वाचून वेगळ्या कर. म्हणजे गव्हातले खडे वेचा.

५ फेब्रु.
शेऱ्याचा रकाना वाचत बसले. बाकीच्या लिहितात 'लस दिली', 'जंताचं औषध दिलं'. एकच लिहिते, 'शेळी रुसली होती. आता उठली.' रुसली! आजारी पडलं की रुसलं म्हणणारी जगात एकच. मला ताप आला की शाळेत जाऊन सांगायची, बाई, आमची धाकटी रुसलीय. आधी हसले, मग रडू आवरेना. शेजारच्या टेबलावर सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

७ फेब्रु.
ताईच्या नोंदी कालच निवडून झाल्या. कुणाला सांगितलं नाही, पुन्हा पुन्हा वाचतेय. एका शेऱ्यात, 'माय संगं चालत आली.' म्हणजे मायचा गुडघा बरा. एवढं कळायलाही मला लोकांच्या शेळ्या लागतात. लई आठवण येते.

१० फेब्रु.
साहेब म्हणाले, ज्याचं त्यालाच दिसू दे, आपल्यालाही नको. बरोबरच आहे. नियम मीच लिहिला: नोंद जिच्या नावावर, तिलाच उघडेल. माझ्या लॉगिननं तपासलं. 'एकही नोंद नाही.' काम चोख झालं. मला ताई हवी आहे.

१२ फेब्रु.
काकडेबाईंचा फोन, स्पीकरवर. समद्या खूश. मग, "संगीता हितंच बसलीय. म्हणती, माह्या नोंदीतली येक बी इकडची तिकडं झाली नाय, निवडल्या कुणी? काय नाव सांगू, मॅडम?"
मी एवढंच म्हटलं, 'शेळी रुसली' वाचून ओळखल्या.
मागून ताईचा आवाज आला. "नाव ऱ्हाऊ द्या. जेवली का, इचारा."
व्हय म्हटलं. डबा तसाच होता. फोन कुणी आधी ठेवला, आठवत नाही.