फक्त चुका काढायला

४ मार्च, सोमवार
आमचा टीव्ही बिघडला आहे. म्हणजे चालतो. आवाज येतो, चित्र दिसतं, रंगही दिसतात. पण चालतो म्हणून बरोबर आहे असं होत नाही. म्हणून संध्याकाळी पिकुलबाईंच्या दुकानात गेलो. बाई अंड्यांच्या आणि नारळाच्या दुधाच्या भाजलेल्या गोड वड्या विकतात, वर तळलेला कांदा. अख्ख्या पेचबुरी शहरात तशी वडी नाही. फ्रिजवर टीव्ही, समोर दोन खुर्च्या. एक बाईंची. दुसरी त्यांच्या यजमानांची होती, ते गेल्यापासून रिकामी असते.

नवी मालिका सुरू झाली. 'डॉक्टरसाहेब, नाडी चुकली'. शुद्ध कचरा. सुरू होऊन घोटभर पाणी प्यावं एवढा वेळ झाला नाही तोवर नायिका शिडीवरून पडली आणि नायकाने तिला झेललं. तेच तीन बाजूंनी दाखवलं, सावकाश. आणि नायक डॉक्टर असून केस कानाखाली! मी उभा जन्म शाळेत शिस्तीचा मास्तर होतो. माझ्या खिशातल्या कात्रीतून असा एकही कान सुटला नसता.

उद्या परत जाणार. फक्त चुका काढायला. कुणीतरी काढायला हव्यातच.

५ मार्च, मंगळवार
मालिका सोमवार-मंगळवार असते. आजच्या चुका: नायिका मासळी बाजारात काम करते आणि झोपताना लिपस्टिक लावते. नायकाने खोटी मिशी लावली तर त्याची सख्खी आई त्याला ओळखेना. कोणी घसरलं की मागून 'टुंग' असा आवाज येतो.

सगळं बाईंना जागच्या जागी सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझा मुद्दा ताडून बघत असाव्यात.

६ मार्च, बुधवार
सकाळी देवळासमोरच्या कॉफीच्या टपरीवर वन्लोपबरोबर बुद्धिबळाचा डाव. वन्लोप म्हणजे रिटायर्ड स्टेशनमास्तर. जगातली प्रत्येक गोष्ट उशिरा आली असं त्याला वाटतं. त्याने विचारलं, काय रे बम्रुंग, संध्याकाळी असतोस कुठे? मी म्हटलं, पिकुलबाईंच्या टीव्हीवर एक टाकाऊ मालिका लागते, तिचा अभ्यास करतो. तो म्हणाला, टाकाऊ आहे तर बघतोस कशाला? मी म्हटलं, डास आहेत म्हणून आपण डासांचा अभ्यास करतोच ना. त्याने माझा उंट खाल्ला. माझं लक्ष नव्हतं.

१८ मार्च, सोमवार
नायकाला चक्कर आली. नायिकेने पिशवीतून हुंगायची पुदिन्याची नळी काढून त्याच्या नाकाशी धरली. नळीवरचं कंपनीचं नाव बरोबर आपल्याकडे! माणूस मरायला टेकलाय आणि ही बया नळीचे गुण सांगतेय, ताजंतवानं वाटतं म्हणे, खिशात मावते म्हणे. मी मोठ्याने हसलो. बाईंना म्हटलं, आपल्याला काय मूर्ख समजतात का?

बाई म्हणाल्या, मास्तर, तो शुद्धीवर आला तेव्हा काय म्हणाला ते तुमच्या हसण्यात ऐकूच आलं नाही.

येताना औषधाच्या दुकानातून तीच नळी घेतली. जाहिरात खोटी आहे हे सिद्ध करायला. खरंच ताजंतवानं वाटतं. आणि खिशातही मावते.

१९ मार्च, मंगळवार
खलनायिकेने नायिकेची सगळी मासळी कालव्यात लोटली. बाईंनी उठून कपाटावरचा बिस्किटांचा डबा भिंतीकडे फिरवला. त्यावर त्याच नटीचा फोटो आहे. बाई म्हणाल्या, तिचं थोबाड बघवत नाही. मी म्हटलं, अहो, नटी वेगळी, पात्र वेगळं. मग मीच उठून तो डबा कपाटाच्या मागे टाकला.

दुसऱ्या खुर्चीवर आज उशी होती. कोणासाठी, ते बाई बोलल्या नाहीत. मी बसलो.

२७ मार्च, बुधवार
वन्लोपशी कडाक्याचं भांडण. तो चार लोकांत म्हणाला, त्या डॉक्टरला नाडी कुठे बघायची तेसुद्धा कळत नाही, मनगटाच्या उलट्या बाजूला बोटं ठेवतो. असल्या गोष्टी बघणाऱ्यांची मला कीव येते.

खरं तर ही चूक मीच त्याला सांगितली होती. पण त्याच्या तोंडून ऐकली आणि डोकं फिरलं. म्हटलं, ठेवतो उलट्या बाजूला. मग? तुझ्या खिशातून काही जातं का? माझ्या बायकोच्या, मालईच्या आजारपणात डॉक्टरांनी नाडी अगदी बरोबर जागी धरली होती. रोज. काय उपयोग झाला? शहाण्यासारखं घडणारं सगळं आयुष्यभर बघून झालंय माझं. आता मला अशी पोरगी बघायची आहे जी शिडीवरून पडते आणि खाली कोणीतरी असतं. दहा वेळा पडू दे. दहाही वेळा मी बघणार.

वन्लोपने मुकाट्याने माझ्या कॉफीत साखर घातली. मला साखर चालत नाही, पण प्यायलो.

२८ मार्च, गुरुवार
कालच्या बोलण्याचा गैरसमज होऊ नये. मालिका टाकाऊच आहे.

२ एप्रिल, मंगळवार
एक गोष्ट आज लक्षात आली आणि जेवण गेलं नाही. मालिका २३ तारखेला संपणार. मग मी दुकानात कशाला जायचं? चुका कशाच्या काढायच्या? रोज एक माणूस किती वड्या विकत घेईल? शिवाय डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय.

निश्चय: मालिका संपण्याआधी बाईंना सरळ विचारायचं. लग्नबिग्न नाही, या वयात शोभत नाही. एवढंच, की बाई, मालिका संपली तरी मी येत जाऊ का? साधं वाक्य आहे. शाळेत मी माईकशिवाय भाषणं ठोकली आहेत. सोमवारी विचारतो.

८ एप्रिल, सोमवार
विचारलं नाही. नायक-नायिकेचं भांडण चालू होतं. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही.

९ एप्रिल, मंगळवार
त्यांचं जुळलं. पण बाई रडत होत्या. रडत्या बाईला काय विचारणार?

१३ एप्रिल, शनिवार
आज नव्या वर्षाचा, पाणी उडवायचा सण, आज विचारायचंच असं पक्कं केलं. सकाळी न्हाव्याकडे गेलो. तो माझाच विद्यार्थी, दर महिन्याला मी त्याच्या कानावरून कात्री फिरवायचो. त्याला म्हटलं, त्या मालिकेतल्या डॉक्टरसारखे ठेव. त्याने विचारलं, मास्तर, कानावर आलेले चालतील? म्हटलं, चालतील. त्याने कंगवा खाली ठेवून मला हात जोडले. मग आत जाऊन बायकोला बोलावून आणलं.

रस्त्यात पोरांनी बादल्या ओतून भिजवलं, नवी केशरचना डोक्याला चिकटली. तसाच दुकानात पोचलो. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं, चांदीच्या वाटीतून अत्तराचं पाणी माझ्या तळहातांवर घातलं, मोगऱ्याची फुलं वाहिली आणि खाली वाकून आशीर्वाद मागितला. म्हणाल्या, मास्तर, तुम्ही मला वडिलांच्या जागी.

दहा वर्षांचं अंतर! एवढ्यात कोणी वडील होतं का? पण शांतपणे विचार केला. पाणी घालताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली. दोनदा. आणि मोठ्यांच्या हातांवर पाणी घालणं हा रिवाजच आहे, काहीतरी म्हणावं लागतं म्हणून त्या तसं म्हणाल्या. एकूण दिवस चांगला गेला.

१७ एप्रिल, बुधवार
भयंकर बातमी. वन्लोपची भाची बँकॉकला चॅनेलसाठी कपडे शिवणाऱ्या बाईकडे असते. तिने सांगितलं की शेवटच्या भागात नायिका मरते आणि डॉक्टर मुंडण करून भिक्खू होतो. वन्लोप म्हणाला, चला, एकदाचा त्याने केस तरी कापले. मी त्याच्याशी बोलत नाही.

माझा सगळा बेत गोड शेवटावर आहे. लग्न लागणार, बाई खूश होणार, आणि त्याच सुरात मी विचारणार. पोरगी मेली तर? चितेसमोर बसून विचारू का, की बाई, उद्यापासून येऊ?

१८ एप्रिल, गुरुवार
सकाळी चिंचेखालच्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या राखणदार देवाच्या देवळात गेलो. नवसाला पावणारं जागृत स्थान आहे. आजोबांना उकडलेली अंडी, लाल सरबत आणि नाच आवडतो. सरबताची बाटली उघडून स्ट्रॉ घालून ठेवली आणि नवस बोललो, की त्या दोघांचं लग्न लागू दे, शंभर अंडी वाहीन आणि नाच करवीन.

तेवढ्यात मनात आलं, नाच तर सगळेच करवतात. भाड्याच्या पोरींचा नाच बघून आजोबा कंटाळले असतील. म्हणून तोंडातून निघून गेलं, मी स्वतः नाचेन. मुकुट घालून.

निघून गेलं ते गेलं. देवापुढे शब्द फिरवता येत नाही. आणि असं बघितलं तर व्यायामच आहे.

२२ एप्रिल, सोमवार
नायिकेला ट्रकने उडवलं. ट्रकवर पुदिन्याच्या नळीची जाहिरात होती. मी बाईंना म्हटलं, बघा, निर्लज्जपणाची हद्द आहे. बाईंनी माझ्या तोंडात वडी कोंबली. प्रेमाने.

२३ एप्रिल, मंगळवार
शेवटचा भाग. नवा शर्ट घातला.

पोरगी हॉस्पिटलात. मशीनवरची रेघ सरळ झाली. नर्स रडली, होणारी सासू रडली, खलनायिकासुद्धा रडली. मग डॉक्टर आला, तिचा हात हातात घेतला आणि बोटं ठेवली, नेहमीप्रमाणे उलट्या बाजूला, जिथे कोणाचीच नाडी लागत नाही. त्याला लागली. तिने डोळे उघडले. मागून 'टुंग' झालं. लग्न लागलं, मासळी बाजारात.

माझ्या डोळ्यांत कांद्याचा धूर गेला. भट्टी बंद होती, पण धूर राहतो.

बाईंनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. म्हणाल्या, मास्तर, बरं आहे ना? हीच ती वेळ होती. मी तोंड उघडलं. परत मिटलं. हात जोडले आणि घरी आलो.

हरकत नाही. आधी नवस, मग विचारणं. क्रम हाच योग्य. उद्या नवस फेडून तिथूनच थेट दुकानात.

२४ एप्रिल, बुधवार, सकाळी
उजाडताच अंडी आणायला गेलो. अंडीवाली म्हणाली, कोंबडीची सगळी अंडी काल रात्री पिकुलबाईंनी उचलली. पण बाई वड्यांना बदकाची अंडी घेतात, कोंबडीची कधीच नाही. मग कशाला?

अंडी उकडता उकडता उजेड पडला. नवस! बाईंनीही नवस बोललाय! आणि एकट्या बाईचा नवस काय असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. काल माझ्याकडे बघत का बसल्या, तेही आता कळलं. मी उगाच घाबरत होतो. उशी, वडी, अत्तराचं पाणी, सगळं समोर होतं.

बदकाची अंडी घेऊन निघतोय. आजोबा चालवून घेतील.

त्याच दिवशी, दुपारी
नाचलो. हो, नाचलो. नाचणाऱ्या पोरींकडून मुकुट आणि जरीचा अंगरखा मागून घेतला आणि आजोबांसमोर नाचलो. टपरी देवळाच्या समोरच आहे हे मला माहीत होतं. वन्लोपने खुर्ची फिरवून घेतली. माझे जुने विद्यार्थी जमले, न्हावी दुकान बंद करून आला. ज्याला हसायचं त्याने हसावं. मी एका लग्नासाठी नाचलो, कोणाची चोरी नाही केली.

मधेच बाई आल्या. हातात अंड्यांची परात, मोगऱ्याच्या माळा. मला बघून त्यांनी परात खाली ठेवली, नाहीतर अंडी सांडली असती. मला म्हणाल्या, अगंबाई, मास्तर, तुम्ही?

मुकुट घट्ट बसला होता, मान हलत नव्हती. तसाच ताठ उभा राहिलो आणि नायकाच्या आवाजात म्हटलं, बाई, आता लपवू नका. तुमचा नवस कशासाठी, ते सगळ्यांसमोर सांगा.

बाई आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, सांगू? रागावणार नाही ना? मी आजोबांना म्हटलं होतं, या मास्तरांना एक भाग, फक्त एक भाग, तोंड बंद ठेवून बघू दे. मालिका सुरू झाली तेव्हापासून मागणं होतं. काल पावले बघा. शेवटाला एक शब्द बोलला नाहीत. मला सगळं ऐकू आलं. इतकं छान वाटलं म्हणून सांगू!

टपरीवरचं हसणं बराच वेळ चाललं. वन्लोपला ठसका लागला, त्याला मीच नळी हुंगायला दिली.

बाईंनी अंडी वाहिली आणि डोळे मिटून परत काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं, आता काय मागितलं? म्हणाल्या, सोमवारी नवी मालिका लागतेय. ती अख्खी तशीच जाऊ दे म्हटलं. तुम्ही खुर्चीवर आणि गप्प. उशी धुऊन ठेवते.

मुकुट घरी येईपर्यंत निघाला नाही, शेवटी साबण लावला.

विचारायचं राहिलं. आता विचारलं तर तोंड उघडावं लागणार, आणि बाईंचा नवस मोडणार. देवाच्या कामात आपण कशाला आड यायचं?