दुसऱ्याच्या घराची निगा

हिंगोली, डिसेंबर १९४८

प्रिय हरिचंद,

'प्रिय' वाचून खूश होऊ नकोस. पत्र असंच सुरू करायचं, हे मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलं आणि या वयात हात दुसरं ऐकत नाही. बाजाराच्या दिवशी मी आखाडा बाळापूरला आले तेव्हा तू मागच्या दाराने शेतात निघून गेलास. आत्या पुढच्या दारात उभी आणि भाचा परसातून पळतोय, हे साऱ्या गल्लीने पाहिलं. तोंडावर बोलायचं होतं ते आता कागदावर वाच. तुला वाचायला मीच शिकवलं, तेव्हा 'अक्षर लागलं न्हाई' ही सबब चालणार नाही.

गौसियाच्या घरात तू राहतोस, तर घर कसं राखतात ते तरी शीक. आधी धाबं. आतल्या खोलीत मी मान वर केली आणि तुळयांवर काळे ओघळ दिसले. तुझी शकुबाई म्हणाली, "आत्याबाई, आमी गाड्या भरभरून माती टाकली, तरी परतीच्या पावसात गळालं. घरालाच खोड हाय." घराला खोड! अरे, तुम्ही शेतातली काळी माती वर नेऊन पसरलीत. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यात कापूस पिकतो, छप्पर होत नाही. धाब्यावर गावठाणातली पांढरी माती टाकतात. गौसियाचे वडील दर वर्षी मृगाच्या आधी जुन्या गढीच्या कडेची पांढरी आणवत, ती कोरडी पसरून बडवून घेत आणि उतार पन्हाळाकडे आहे का, ते तांब्याभर पाणी ओतून बघत. पाणी कुठे थबकलं तर गड्याला पुन्हा वर चढवत. तांड्यावर आपली घरं गवताची, धाब्याशी आपल्या कुळाची ओळख नाही, म्हणून चूक झाली असं मी म्हटलं असतं. पण शेजारच्या कोणत्याही म्हातारीने तुला हे सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर घर तुझं नाही, हे तुझ्याच तोंडून निघालं असतं. ती काळी माती आता सगळी खाली काढ. पावसाची वाट बघू नकोस, तिच्या वजनाने तुळया वाकायला लागल्यात.

दुसरं, ढाळजेतले बैल. दारातली ती बसायची जागा तुला गोठा वाटली, कारण ती मोकळी होती. जनावराच्या मुताने मातीच्या भिंतीला लोणा लागतो. आधी पोपडे सुटतात, मग पाया भुसभुशीत होतो आणि तोपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. उजव्या बाजूला हात लावून बघ, पीठ पडतं. तेवढा भाग खरवडून नव्याने लिंपावा लागेल, वरून नुसता शेणाचा हात फिरवून झाकू नकोस, मी बोट घालून बघणार आहे. त्या ढाळजेत गौसिया दुपारी मुली शिकवायची. ज्यांना बाप शाळेत पाठवत नव्हते त्या मुली, मोमिनांच्या, माळ्यांच्या, आणि हो, तांड्यावरच्याही. तुझ्या बायकोला, या शकुबाईला, आपलं नाव लिहिता येतं ना? तिला विचार कुठे शिकली.

चूल तू माजघरात आणलीस. धुराने लाकडाला कीड लागत नाही, एवढं तुझ्या बाजूने मान्य करते. पण तिथल्या कोनाड्यात पुस्तकं आहेत. शकुबाई म्हणाली, "कागदं तर हायेत, पेटवाया कामी येतात." मी तिला काय म्हणाले ते तिने तुला सांगितलंच असेल. सांगितलं नसेल तर बरंच, ते सिस्टरांनी शिकवलेल्या शब्दांत नव्हतं. उरलेली पुस्तकं निंबाच्या पाल्यात घालून पेटीत ठेव आणि चूल होती तिथे परत ने.

तू म्हणशील, आत्याचा जीव परक्याच्या भिंतींत का एवढा अडकलाय. शकुबाईने तर विचारलंच: "तुमी काहून एवढ्या तापून राहिल्या? घर काय पळून चाललं का?" तर ऐक. दुष्काळात तुझ्या आजाने मला सिस्टरांच्या दारात सोडलं आणि त्यामुळे मी जगले. पण शिकून, मास्तरीण होऊन बाळापूरला आले तेव्हा बामणाने खोली दिली नाही, कारण मी तांड्याची. आणि तांड्याने पाटावर बसवलं नाही, कारण मी 'मड्डम'. तुझ्या बापाने, माझ्या सख्ख्या भावाने, मला अंगणातच पाणी दिलं. शाळेतली दुसरी मास्तरीण गौसिया. तिने माझी ट्रंक न विचारता उचलली आणि याच घरातल्या पूर्वेच्या खोलीत नेऊन ठेवली. नोकरी संपेपर्यंत मी त्या खोलीत राहिले. तुझी शिकवणीही तिथेच झाली आणि गौसियाच्या हातच्या गुळपोळ्या खाऊन तू माझ्याकडे पाढे चुकत होतास.

आता चौकटीवरच्या दगडाचं. त्यावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. तू त्याच्यावर चुना फासलास. शकुबाई म्हणाली, नाव दिसलं असतं तर लोकांनी घर जाळलं असतं. खरं आहे. पोलीस ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत गावात काय चाललं होतं ते मलाही माहीत आहे, आणि त्याआधी रझाकारांनी आपल्या तांड्यावर काय केलं तेही मी विसरलेले नाही. त्या आठवड्यात तो चुना शहाणपणाचा होता, हरिचंद. आज तो चोरीचा आहे. काढताना विळा लावू नकोस, अक्षरं फुटतील. रात्रभर ओलं पोतं बांधून ठेव आणि सकाळी काथ्याने घास.

तू वाईट माणूस असतास तर मी शाई खर्च केली नसती. सगळे दारं लावून बसले होते तेव्हा तूच गाडी जुंपलीस. गौसियाला कडब्याखाली निजवून स्टेशनपर्यंत आणलंस आणि वाटेत अडवणाऱ्यांना "बैलांचा चारा हाय, दुसरं काय न्हाई" म्हणून तोंडावर खोटं सांगितलंस. त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला होता. आगगाडीत बसताना तिने किल्ली तुझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हरी बेटा, घर अमानत आहे." तू गावभर सांगतोस, गौसियाबीनं घर देऊन टाकलं. अमानत म्हणजे देणं नव्हे रे, ठेवणं. हा शब्द तुला कळत नव्हता असं मला सांगू नकोस. तांड्याची जुनी माणसं दुसऱ्याचं मीठ-धान्य बैलांवर लादून मुलुखभर हिंडली आणि गोण्या न उघडता पोचवत राहिली. त्यावरच आपलं नाव होतं.

हे सगळं आजच लिहायचं कारण सांगते. गौसिया काल हैदराबादहून आली. भावाच्या घरात तिचा जीव रमला नाही. आत्ता ती माझ्यासमोर मेथी निवडत बसली आहे. मी तुला आभाराचं पत्र लिहितेय असं तिला वाटतं. घर कसं आहे, हे तिने मला तीनदा विचारलं, आणि तीनदा मी म्हणाले, हरिचंद बघतो आहे. तिने तुला सलाम लिहायला सांगितला आहे. तुझ्या लेकरासाठी लोकरीची टोपी विणून आणली आहे. येत्या रविवारी मी तिला घेऊन येते. तोवर धाबं नीट झालं नाही तरी चालेल, भिंत ओली असली तरी चालेल. पण घर रिकामं आणि कुलूप लावलेलं पाहिजे. तू बाहेर उभा राहायचं आणि किल्ली तिच्या हातात द्यायची. दार ती उघडेल. तिने आत बोलावलं तर जा, बस म्हटलं तर बस. ती बस म्हणेल, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं नसतं.

नातं तोडता येत नाही म्हणून तुझीच,
पारुआत्या