लाव्यांच्या टेकाडावर मला पुरावं

बिस्मिल्लाह. मी, अतिया रिझ्क शलबी, वय बहात्तर, होड्या रंगवणारा, राहणार बुरुल्लुस बंदर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीविषयी बंदरात दुमत आहे. डोलकाठीवरचा दुर्मिळ ससाणा दाखवायला मी अख्खा धक्का गोळा केला आणि ती फाटकी पिशवी निघाली, तेव्हापासूनचं.

एक. राहतं घर मुलगी करीमा हिच्या वाट्यात धरावं. "बाबा, लोकांच्या जाळ्यातले लावे सोडवून येता आणि घरी मला कोंबडी कापायला लावता!" असं ती म्हणते; तरी मी लावे सोडवतो आणि कोंबडीही खातो. ब्रश आणि रंगही तिलाच. मी जन्मभर होड्यांवर बगळे काढले, गिऱ्हाइकांनी जन्मभर त्यांना बदक म्हटलं. तिचा हात बरा आहे.

दोन. दुर्बीण, उजवी काच तडकलेली, चहावाले हाजी मितवल्ली यांना. "अतिया, पाखरं बघून कोणाचं पोट भरलंय का रे?" असं ते रोज विचारतात. त्यांनी एकदा तरी डाव्या डोळ्याने रोहित पक्षी पाहावा. नाहीच दिसला, तर कोणाच्या होडीत किती मासळी आहे ते दिसेल. त्यांना तेवढं पुरे.

तीन. धक्क्यामागचं वाळूचं टेकाड. शरियतीप्रमाणे मिळकतीचा एक तृतीयांशच हिस्सा आपल्या मर्जीने देता येतो आणि टेकाड त्याहून मोठं आहे. मला मुलगा नाही, म्हणून ते वारसाहक्काने पुतण्या सब्रीकडे जाणार. सप्टेंबरात समुद्र ओलांडून दमलेले लावे याच वाळूवर धपाधप येऊन पडतात. मी असेतो इथे जाळं लागलं नाही. सब्री म्हणतो, "काका, अल्लाहनं ताटात वाढलंय, तुम्ही कशाला मध्ये कडमडता?" पोरगा वाईट नाही, पण माझ्या मयतीला आलेली माणसं उठायच्या आत जाळ्याचे खांब रोवेल.

चार. कबरीपासून हाकेच्या अंतरावर जाळं लावायचं नाही, ही आपल्या किनाऱ्याची रीत. ती सब्रीही मोडणार नाही. तेव्हा मला टेकाडावर पुरावं. जिवंतपणी कंठशोष करून कोणी ऐकलं नाही. आता नुसता पडून राहिलो तरी काम होईल. माझा आळस पहिल्यांदाच सत्कारणी लागतोय.

अडचण एकच. कब्रस्तानात माझी बायको नफीसा हिच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली आहे. ती रिकामी राहील. नफीसाला अंधारात एकटीला भीती वाटायची, आणि मला तिची फार आठवण येते. नफीसा, रागावू नकोस गं.

सही: अतिया रिझ्क शलबी
साक्षीदार: शेख बदावी (इमाम); हामिद बर्फवाला (अंगठा)
बुरुल्लुस बंदर, ३ सप्टेंबर २०१९

वारसाची साक्ष चालत नाही म्हणे, म्हणून खाली नुसतं लिहितो. काका, शेखसाहेबांनी मला सगळं वाचून दाखवलं. टेकाडावर जाळं लावणार नाही, त्यांच्यासमोर शपथ घेतली आहे. तुम्ही गुमान काकूशेजारीच झोपायचं. घाई मात्र करू नका.
— सब्री